त्या निळ्या सीडीला मी काहीही केलेलं नाही!

खोड्या काढण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही बढाई नाही, माहिती आहे! ऑफिसात साहेबांच्या खुर्चीची उंची मी रोज बोटभर कमी करत गेलो, तेव्हा साहेब डॉक्टरकडे जाऊन आले. मणका आखडतोय का म्हणून! शेजाऱ्यांच्या बेलखाली मी ‘बेल लाजाळू आहे, दाबताना कृपया दुसरीकडे बघावे’ अशी पाटी लावली, तर कुरिअरवाला खरंच मान वळवून बेल दाबायला लागला. आणि घरातल्या वजनकाट्याचा काटा मागे सरकवून ठेवला होता, तेव्हा तर बायको कित्येक दिवस हवेत तरंगत होती. भांडी घासताना गाणी म्हणायची! मी जगात आनंदच वाटतो हो. लोकांना किंमत नाही.

काट्याचं बिंग फुटलं आणि बायकोचा माझ्यावरचा विश्वास उडाला. रागारागाने तिने व्यायाम सुरू केला. तो राग इतका टिकला की आज ती कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळचा बायकांचा व्यायाम वर्ग चालवते. म्हणजे बघा, त्या वर्गाचा मूळ संस्थापक मीच. पण माझा साधा फोटो तरी लावलाय का तिथे?

तर या वर्गाचं सगळं चालायचं सीडींवर. बाजारातून आणलेल्या, नुसत्या वाद्यांच्या, ठेक्याच्या. लाल सीडी वॉर्मअपची, पिवळी हातापायांची, आणि निळी म्हणजे बायकोचा जीव. निळीवर तिचा सगळ्यात अवघड व्यायाम बसवलेला. वर्षानुवर्षं वाजवून या सीडींवर एवढे ओरखडे पडले होते, की मांजरांनी त्यावर भांडणं केली असावीत असं वाटावं.

एक दिवस व्हायचं ते झालं. बायकांनी एक पाय वर उचलला आणि निळी सीडी अडकली. टँव-टँव-टँव-टँव! पाय खाली टेकायचा सूर काही येईना. आणि बायकोची शिस्त अशी, की सूर आल्याशिवाय पाय खाली येता कामा नये! पहिल्या रांगेतल्या वकीलबाई बगळ्यासारख्या डुलायला लागल्या, डुलता डुलता शेजारणीवर गेल्या, शेजारीण तिच्या शेजारणीवर, आणि अख्खी रांग आडवी झाली. शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसून व्यायाम करणारी माझी आई तेवढी शाबूत राहिली.

नेमकं हे खिडकीतून पाहिलं कॅरमवाल्यांनी! ही रिकामटेकड्या काकांची टोळी. त्यांना सकाळचा हॉल हवाच होता. ते गेले तडक कमिटीच्या अध्यक्षांकडे. “बायका पडतात तिथे. धोका आहे. त्यापेक्षा हॉल आम्हाला द्या. कॅरममध्ये आजवर कोणी पडलेलं नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “रविवारी मी स्वतः येऊन वर्ग बघतो. मग ठरवू.”

झालं! बायकोचं खाणंपिणं सुटलं. हॉल गेला की वर्ग गेला. दुसरी जागा कुठेच मिळत नव्हती. शनिवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात सीडींचा गठ्ठा, आणि चेहरा असा की नाइलाजाने चोराच्या हातात किल्ली द्यावी लागतेय.

“अहो, हॉलमध्ये आता कॉम्प्युटर बसवलाय. त्याला मोठा टीव्हीही जोडलाय. या सीडी अडकायच्या आत यातली गाणी काढून पेन ड्राइव्हवर भरता येतात म्हणे. तुम्हाला जमेल?”

“जमेल? अगं, चुटकीसरशी!”

“ती चुटकी नको. नीट करा. आणि...” तिने गठ्ठा छातीशी धरला. “यात खोडी काढलीत तर बघा. हॉल जाईल माझा. कळतंय का? हॉल!”

“तुझ्या गळ्याची शपथ.”

“माझ्या गळ्याची नको. तुमच्या.”

मी माझ्या गळ्याची शपथ घेतली. आणि वाचकहो, मनापासून घेतली! बायको हॉलसाठी रडकुंडीला आलेली. अशा वेळी खोडी काढायला मी काय राक्षस आहे? आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम सरळ करायचं ठरवलं.

बसलो कॉम्प्युटरसमोर. बायको दारातच स्टूल टाकून शेंगा सोलत बसली. शेंगांकडे एकदाही बघत नव्हती. दाणे कचऱ्यात आणि टरफलं भांड्यात!

“हात दिसू द्या टेबलावर.”

“अगं, मी काय बँक लुटतोय?”

कॉम्प्युटरने जिभेसारखा कप्पा बाहेर काढला, लाल सीडी गिळली आणि घरघरायला लागला. ओरखडा आला की अडायचा, मागे जायचा, पुन्हा वाचायचा. म्हातारा माणूस चष्मा पुसून पुसून पत्र वाचतो तसा. एकेका सीडीला एवढा वेळ! करायचं काय? मी फोन काढला. ऑफिसच्या ग्रुपवर एक विनोद आला होता. मी खुदकन हसलो.

“का हसलात?”

“विनोद आलाय.”

“दाखवा.”

दाखवला. तिने दोनदा वाचला. तपास अधिकारी वाचतात तसा.

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग हसलात का? तेच विचारतेय!”

मी फोन खिशात टाकला. लाल झाली, पिवळी झाली. गाण्यांना नावं आली ‘अनोळखी गाणं एक’, ‘अनोळखी गाणं दोन’. ठीक! शेवटी निळी टाकली आणि पाठ आखडली म्हणून जरा गॅलरीत जाऊन आलो. परत येईतो काम फत्ते. पेन ड्राइव्ह उपसून बायकोच्या हातावर ठेवला.

“घे. आणि यापुढे माझ्यावर संशय घेण्यापूर्वी हा दिवस आठव.”

तिने तो तसाच माझ्या हातावर परत ठेवला. “लावा. उघडा. मला बघायचंय.”

उघडला. लाल, ठीक. पिवळी, ठीक. निळी उघडली, आणि पडद्यावर एकाखाली एक गाण्यांची नावं आली:

बस.
ऊठ.
हात दे.
शेपूट हलव.
भुंकू नकोस.
लोळ.
पाहुण्यांना चावू नकोस.
शाब्बास, बिस्किट घे.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. आणि इथे माझी चूक झाली. मी हसलो. अहो, शिंक येते तसं आलं, काय करू! पोट धरून, टेबलावर डोकं ठेवून हसलो. मान वर केली तर बायकोच्या डोळ्यांत पाणी.

“माझ्या विद्यार्थिनींना कुत्री म्हणता?”

“अगं, मी नाही केलं हे!”

“मग कोणी केलं? शेंगांनी?”

“आपोआप आलं!”

“आपोआप! कॉम्प्युटरला आपोआप वाटलं की बायकांनी शेपूट हलवावं?”

आवाज ऐकून आई आतून आली. चष्मा लावून तिने सगळं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बायकोला म्हणाली, “मी याला जन्मापासून ओळखते. पाळण्यात असताना हा झोपेचं सोंग घ्यायचा.”

“आई, माझ्या गळ्याची शपथ घेतली होती मी!”

“तुझ्या गळ्याची किंमत घरात सगळ्यांना माहीत आहे.”

आता आली का पंचाईत! गुन्हा न करता गुन्हेगार! खरी खोडी असती तर मी ताठ मानेने कबूल केली असती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नाही, तर दुसऱ्या कोणीतरी केलंय. कोणीतरी मला, मला, फसवलंय! संशय गेला सरळ मेहुण्यावर. हा बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही त्याला सर्वज्ञ म्हणतो, कारण प्रश्न विचारायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं. सीडीतली गाणी काढायचा प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरवर त्यानेच घातला होता. फोन लावला.

“काय रे, शेपूट हलव काय?”

“कोण बोलतंय?”

“नाटक नको! ‘बस’, ‘ऊठ’, ‘हात दे’ ही नावं तू घुसवलीस ना माझ्या कॉम्प्युटरमध्ये?”

पलीकडे तो असा हसला, असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. “भाऊजी, मानलं! ताईच्या व्यायामाला कुत्र्याचे हुकूम! मला शिष्य करून घ्या!”

“अरे, मी नाही!”

“शिष्यालाही सांगणार नाही? बरोबर आहे. खरा कलाकार कबूल करत नाही.”

वर त्याने ही कथा सगळ्या नातेवाइकांना कळवली. संध्याकाळपर्यंत चुलत काकांपासून मामेबहिणीपर्यंत सगळ्यांचे अभिनंदनाचे फोन. “यंदाची सगळ्यात भारी!” मी नाही म्हणालो की लोक आणखी हसायचे.

बायकोला म्हटलं, “दे इकडे, नावं बदलून टाकतो.”

“त्याला हात लावायचा नाही!” पेन ड्राइव्ह तिने मुठीत आवळला. “माझा भाऊ बदलेल.”

सर्वज्ञ आला. माझ्याकडे बघून डोळा मारत त्याने सगळी नावं पुसली आणि ‘निळी एक’, ‘निळी दोन’ अशी साधी नावं दिली. बायकोने स्वतः तपासलं. मग पेन ड्राइव्ह पर्समध्ये, पर्स कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली गळ्यात. जाताना सर्वज्ञ माझ्या कानात पुटपुटला, “एवढ्यातूनही काही करून दाखवलंत तर पाय धुऊन पाणी पिईन.”

रविवार उजाडला. हॉलमध्ये समोर खुर्च्या मांडलेल्या. मधोमध अध्यक्ष. यांचा चेहरा असा, की वाढदिवसाच्या केकवरही ते शंका काढतील. शेजारी कॅरमवाले, हाताची घडी घालून, बायका कधी पडतात याची वाट बघत. मी आणि सर्वज्ञ भिंतीला टेकून. बायकोने मला आधीच बजावलं होतं, “कॉम्प्युटरपासून लांब. हात खिशात.” मी हात खिशात घातले. लगेच म्हणाली, “खिशात काय आहे?” मी खिसे उलटे करून दाखवले. कॅरमवाल्यांसमोर!

वर्ग सुरू झाला. बायको बायकांकडे तोंड करून उभी, आणि तिच्या पाठीमागे भिंतीवर तो मोठा टीव्ही. लाल सीडीचं गाणं झकास, टीव्हीवर नाव नुसतं ‘अनोळखी गाणं एक’. पिवळीचंही छान. अध्यक्षांनी जांभई दिली. कॅरमवाल्यांनी एकमेकांना कोपर मारलं. मग निळी सुरू झाली.

आणि बायकोच्या डोक्याच्या बरोबर वर, हाताएवढ्या अक्षरांत, टीव्हीवर उमटलं: बस.

वाचकहो, मी खिसे उलटे करून उभा होतो! सर्वज्ञाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत भक्ती होती.

“भाऊजी! कुलपातून?”

“अरे मूर्खा, तू नावं बदलली होतीस ना?”

“बदलली!” मग त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे... वरची बदलली. गाण्याच्या पोटात आत एक नाव लिहिलेलं असतं, ते राहिलं वाटतं.”

तेवढ्यात बायका बसल्या. खरोखरच पुढचा व्यायाम बसण्याचा होता! मग ‘ऊठ’ आलं आणि त्या उठल्या. ‘हात दे’ आलं आणि सगळ्यांचे हात पुढे! बायकोची टीव्हीकडे पाठ. तिला दिसत होतं एवढंच, की विद्यार्थिनी ओठ चावताहेत, खांदे हलताहेत, बँकेतल्या काकू लालबुंद झाल्यात.

“हसायचं नाही! कंबर! डावी, उजवी! जोरात!”

टीव्हीवर: शेपूट हलव.

हॉल फुटला! कॅरमवाल्यांपैकी एक जण खुर्चीवरून घसरून चक्क खाली पडला. पुढचं गाणं लागलं, ‘भुंकू नकोस’ उमटलं, आणि मागच्या रांगेतून, खुर्चीतून, माझ्या सख्ख्या आईचा आवाज आला:

“भो!”

बायको गर्रकन वळली. टीव्ही बघितला. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी इथे लिहीत नाही, कागद जळेल! तिने गाणं बंद केलं, पेन ड्राइव्ह उपटला, पर्समधून निळी सीडी काढली. आणलीच होती सोबत! माझ्यावर इतका विश्वास!

“अडकली तर अडकली,” ती सगळ्यांसमोर म्हणाली, “पण बाजारच्या सीडीत यांना काही बदलता यायचं नाही. आता बघू कसे घुसता!”

हॉलच्या कॉम्प्युटरने जीभ काढली, सीडी गिळली. घरघर. अख्खा हॉल श्वास रोखून टीव्हीकडे. क्षणभर काहीच नाही. आणि मग:

बस.

बायको पडद्याकडे बघतच राहिली. बाजारची सीडी, हॉलचा कॉम्प्युटर, मी भिंतीपाशी, खिसे उलटे. हळूच तिने मान वळवली. वजनकाट्याच्या आधी ती जशी माझ्याकडे बघायची ना, तशी बघितली. मला तर ओळखूच आलं नाही, मी मागे वळून बघितलं की दुसरं कोणी उभं आहे का!

पण बायको माझी आहे, हॉल सोडणारी नाही. सीडी कुठे अडकायच्या आत तिने टाळी वाजवली.

“चला, मैत्रिणींनो! मघाशी अर्धवट राहिलं. बस!”

बायका बसल्या. यावेळी खुल्लमखुल्ला! टीव्हीवर हुकूम येतोय, बायको तो ठणकावून सांगतेय आणि बायका हसत हसत असा व्यायाम करताहेत की पूर्वी कधी केला नसेल. वकीलबाईंनी ‘लोळ’ला कोलांटउडी मारली, कोर्टात कोणी बघितली असती तर समोरचा पक्ष केस सोडून पळाला असता. ‘पाहुण्यांना चावू नकोस’ आलं तेव्हा सगळा वर्ग दात दाखवत अध्यक्षांकडे सरकला. आणि अध्यक्ष, हसून हसून डोळे पुसत, स्वतः उठून उभे राहिले आणि ‘शाब्बास’ला त्यांनी हात पुढे केला. बिस्किटासाठी!

निळीही त्या दिवशी हुकमात राहिली, एकदाही अडकली नाही. संपल्यावर टाळ्या थांबेनात. अध्यक्ष म्हणाले, “हॉल तुमचाच! कॅरमवाल्यांनो, तुम्ही दुपारी या. नाहीतर सकाळी वर्गात या.” बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी मात्र चक्क रडत होतो.

मग अध्यक्षांनी विचारलं, “पण ही अफलातून कल्पना कोणाची?”

सगळ्या बायकांची बोटं माझ्याकडे. कॅरमवाल्यांची बोटं माझ्याकडे. आईचंही बोट माझ्याकडे!

अध्यक्ष चालत माझ्यापाशी आले, माझ्या पाठीवर थाप मारली. “अहो, तुमच्या डोक्यात एवढं आहे हे माहीतच नव्हतं! यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तुम्ही करायचं. माईक तुमच्या हातात, दोन तास!”

माईक! दोन तास! अख्खी कॉलनी समोर बसलेली आणि पळायला वाव नाही! कालपासून मी ‘मी नाही, मी नाही’ म्हणून घसा कोरडा केला होता. पण त्या क्षणी, काय सांगू, जीभ वळेना. मी मान किंचित झुकवली, खिसे आत घातले, आणि म्हणालो, “सुचलं असंच. चुटकीसरशी.”

टाळ्या! शिट्ट्या! आणि त्याच वेळी बायकोने माईक उचलला.

“एक मिनिट. मला सगळ्यांसमोर माझ्या नवऱ्याची माफी मागायची आहे.”

मी हाताने खुणा केल्या. नको, नको! तिला वाटलं मला संकोच होतोय.

“कालपासून हे सांगत होते की मी काही केलेलं नाही. मी विश्वास ठेवला नाही. अहो, आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलं! यांनी खरंच काहीही केलेलं नाही! यांचा यात काडीचाही संबंध नाही! हे निर्दोष आहेत!”

हॉलमध्ये कुजबुज. अध्यक्षांचा हात माझ्या पाठीवर होता, तो जरासा सैल झाला.

“मग ही नावं आली कुठून?”

“मी सांगतो!” सर्वज्ञ भिंतीपासून सुटला. “सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. सीडी घातली की कॉम्प्युटर इंटरनेटवर विचारतो, ही कोणती सीडी? आणि तिथली नावं लोकांनीच भरलेली असतात, कोणीही भरावीत! ही सीडी आधी कुठेतरी कोणीतरी घेतली, तिच्यावर आपलं कुत्रं शिकवलं आणि ही नावं भरून टाकली. ती आता जगभर सगळ्यांना दिसतात!”

वाचकहो, मी खचलो. जगात कुठेतरी एक माणूस बसलाय, ज्याने कुत्र्याला ‘बस’ म्हणता म्हणता, मला न ओळखता, न भेटता, माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, माझी अशी टोपी उडवली! आणि त्याला हे माहीतसुद्धा नाही!

“वा! काय स्वच्छ समजावलंत!” अध्यक्ष सर्वज्ञाकडे वळले. माझ्या पाठीवरचा हात आता त्याच्या पाठीवर होता. “तुम्ही बोलता छान. सूत्रसंचालन तुम्हीच करा.”

“पण मी...” मी म्हणालो.

“तुम्ही निर्दोष आहात ना? मग झालं तर!”

मागच्या रांगेतून आईचा आवाज आला. “मला शंका होतीच. म्हटलं, याला एवढं चांगलं सुचायचं नाही!”

तेव्हापासून घरात माझ्यावर कोणी म्हणून संशय घेत नाही. साखरेच्या डब्यात मीठ निघालं तरी बायको म्हणते, “माझ्याकडूनच चुकून पडलं असेल हो, तुम्ही कशाला करताय!”

फार वाईट दिवस आलेत.